वायफायच्या काड्या पूर्ण, तरी नेट गायब : घरात दोन डबे आहेत

गोदाकाठ
मंडळी, मदत हवी आहे. नाशिकला आमचं रो हाऊस आहे. खाली हॉलमध्ये फायबर कंपनीचा डबा (ओएनटी म्हणतात तो) आणि वर अभ्यासाच्या खोलीत आम्ही विकत घेतलेला राऊटर. जिन्याच्या कडेने लॅनची (घरातल्या जाळ्याची) केबल वर नेली आहे. हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होतं. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या आणि खालचा डबा गेला. कंपनीचा माणूस नवा डबा लावून, स्वतःच्या मोबाईलवर "बघा ताई, आलं नेट" असं दाखवून गेला.

तेव्हापासून वरच्या खोलीत लॅपटॉपला वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, पण शेजारी 'नो इंटरनेट'. थोड्या वेळाने आपोआप येतं, पुन्हा जातं. कधी मोबाईलला चालतं आणि लॅपटॉपला नाही, कधी बरोबर उलटं. खाली हॉलमध्ये बहुतेक वेळा ठीक असतं. प्रिंटर खालीच आहे, तो मनाला येईल तेव्हा सापडतो. कंपनीत फोन केला तर म्हणे लाइन क्लिअर आहे, तुमचा राऊटर खराब झालाय. नवीन घेऊ का? सुचवा.

चहाबाज
दोन्ही डबे बंद करा, चहा टाका, चहा पिऊन झाल्यावर आधी खालचा आणि दोन मिनिटांनी वरचा चालू करा. आमच्याकडे नव्वद टक्के आजार यानेच बरे होतात.

गोदाकाठ
चहाबाज, ते केलं. केल्यावर छान चालतं आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

बिनतारी
सरळ रेंजचा प्रॉब्लेम आहे. खाली चालतं, वर चालत नाही, म्हणजे स्लॅब आडवा येतोय. जुना राऊटर भंगारात द्या आणि मेश सिस्टिम (एकच वायफाय मिळून घरभर पसरवणारे डबे) घ्या, दोन नगांची. एकदाच खर्च.

झुळूक
डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. माझं असंच व्हायचं.

तारतम्य
ताई, एवढ्यात काही विकत घेऊ नका आणि राऊटरच्या मागच्या भोकात पिन खुपसून रिसेटही करू नका. रिसेट केला की आतली सेटिंग्ज जातात आणि बिघाडाचा पुरावाही जातो.

बिनतारी, काड्या पूर्ण आहेत याचा अर्थ लॅपटॉप ते वरचा राऊटर हा टप्पा ठणठणीत आहे. काड्या फक्त तेवढंच सांगतात, त्यापुढचं काहीच नाही. नेट घरात येईपर्यंत तीन टप्पे आहेत : लॅपटॉप ते राऊटर, राऊटर ते खालचा डबा, डबा ते कंपनी. कुठला तुटतोय ते आधी शोधू.

खालच्या डब्यावरचे दिवे बघा. 'पॉन' स्थिर हिरवा आणि 'लॉस' विझलेला असेल तर फायबर ठीक आहे. लॉस लाल पेटला असेल तर केबल तुटली, वाकली किंवा कनेक्टर मळला, आणि मग घरात काहीही करून उपयोग नाही.

मग वर बसून, नेट गेलेलं असताना, लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि या तीन गोष्टींचं काय येतं ते इथे लिहा :
आयपीकॉन्फिग (यात 'डीफॉल्ट गेटवे', म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, कोणता आहे ते)
पिंग करून (हाक मारून उत्तर येतं का बघायचं) तो गेटवे
पिंग ८.८.८.८

झुळूक म्हणतात तो डीएनएसचा मुद्दा शेवटच्या ओळीतून कळेल. ८.८.८.८ ला पिंग जात असेल आणि साइट उघडत नसेल तर डीएनएस. पिंगच जात नसेल तर डीएनएस बदलून काही होणार नाही.

गोदाकाठ
पॉन हिरवा, लॉस बंद. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.३४. गेटवे १९२.१६८.१.१. गेटवेला पिंग केलं तर उत्तर १-२ मिलिसेकंदात येतं. ८.८.८.८ ला चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

आणि एक गंमत. मुलाने १९२.१६८.१.१ ब्राउझरमध्ये उघडलं तर आमच्या राऊटरचं ओळखीचं निळं लॉगिन पान आलं. संध्याकाळी हॉलमधून तेच उघडलं तर कंपनीचं पांढरं पान! पत्ता तोच, पान वेगळं. याचा काही संबंध आहे का?

तारतम्य
आहे, आणि मुलाला शाबासकी द्या. निम्मं काम त्यानेच केलं.

तुमच्या घरात १९२.१६८.१.१ हा पत्ता दोन डब्यांनी लावलाय. एका सोसायटीत दोन इमारतींना 'ए विंग' नाव दिलं तर पोस्टमनचं जे होईल ते तुमच्या लॅपटॉपचं होतंय. खात्री करण्यासाठी एवढं करा. नेट गेलेलं असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी -ए लिहा. यादीत १९२.१६८.१.१ समोर बारा अंकाक्षरांचा एक 'फिजिकल ॲड्रेस' दिसेल. तो लिहून ठेवा. नेट चालू असताना हेच पुन्हा करा. दोन्ही डब्यांच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर 'मॅक' (म्हणजे हाच फिजिकल ॲड्रेस) लिहिलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. शेवटचा एखादा आकडा इकडेतिकडे असू शकतो, कारण एकाच डब्यात लॅन, वॅन (बाहेरून नेट येण्याची बाजू) आणि वायफायचे मॅक थोडे वेगळे असतात. सुरुवातीचे सहा मात्र बनवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यावरून डबा कळतो.

आणि वरच्या राऊटरमध्ये जिन्यातली केबल कुठल्या भोकात आहे तेही बघा. वेगळ्या रंगाचं, सहसा निळं, एकटं असलेलं 'वॅन' पोर्ट, की बाकीच्या सारख्या रंगाच्या 'लॅन' पोर्टांपैकी एक?

गोदाकाठ
नेट नसताना मॅक आमच्या राऊटरचा. नेट असताना कंपनीच्या डब्याचा. केबल लॅनच्या पहिल्या पोर्टमध्ये आहे. निळं पोर्ट रिकामं! आधी ती निळ्यात होती हे मला पक्कं आठवतंय, कारण नवीन असताना आम्ही त्यावर खूणगाठ म्हणून दोरा बांधला होता. दोरा अजून केबलला आहे.

चहाबाज
दोरा बांधणाऱ्या घराला कंपनीचा माणूस काय फसवणार!

तारतम्य
चला, चित्र पुरं झालं. काय झालं असावं ते सांगतो.

तुमचा जुना ओएनटी 'ब्रिज मोड'मध्ये असणार. म्हणजे तो फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करून पुढे ढकलायचा. कंपनीचं युजरनेम-पासवर्ड भरून नेट जोडायचं काम (पीपीपीओई) वरचा राऊटर त्याच्या वॅन पोर्टातून करायचा. नवा डबा आला तो 'राऊटर मोड'मध्ये. आता लॉगिन तोच करतो, घरातल्या उपकरणांना पत्ते तोच वाटतो, वायफायही देतो. वरच्या राऊटरला हे कोणी सांगितलंच नाही. तो वॅन पोर्टातून पीपीपीओईची हाक देत राहिला आणि उत्तर येईना. राऊटरवरचा लाल दिवा बघून कंपनीच्या माणसाने केबल काढून लॅनमध्ये खुपसली, त्याच्या मोबाईलवर नेट आलं, तो गेला.

लॅनमध्ये खुपसल्यामुळे दोन्ही डबे एकाच जाळ्यात आले. दोघांचेही डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, चालू. उपकरण जाळ्यात आलं की 'मला पत्ता द्या' असं सगळ्यांना उद्देशून ओरडतं आणि सहसा ज्याचा देकार आधी येतो तो घेतं. दोघंही गेटवे म्हणून १९२.१६८.१.१ च सांगतात. मग उपकरण पुन्हा ओरडतं, 'हा पत्ता कोणाचा?' त्याला दोघंही 'माझा' म्हणतात. कंपनीच्या डब्याचं उत्तर धरलं गेलं तर नेट मिळतं. वरच्या राऊटरचं धरलं गेलं तर सगळी रहदारी त्याच्याकडे जाते, आणि त्याचं वॅन पोर्ट तर रिकामं, तो ती पाठवणार कुठे? लॅपटॉप हे उत्तर कायमचं लक्षात ठेवत नाही, अधूनमधून पुन्हा विचारतो. म्हणून नेट येतं-जातं. वरच्या मजल्यावर वरच्या राऊटरचं उत्तर लवकर पोचतं, खाली खालच्याचं, आणि बघणाऱ्याला वाटतं रेंज कमी पडतेय. बिनतारी, रेंजचा प्रश्नच नव्हता, मेशवरचा खर्च उगाच झाला असता.

रिस्टार्टनंतर तात्पुरतं चालायचं, कारण खालचा डबा आधी चालू झाल्यावर वरचा उठेपर्यंत सगळ्यांनी खालच्याचीच नोंद केलेली असायची.

आता उपाय. वरच्या राऊटरला राऊटरगिरी सोडायला लावायची आणि नुसता वायफाय वाटणारा करायचा :

जिन्यातली केबल वरच्या राऊटरमधून काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून एका छोट्या केबलने लॅपटॉप थेट वरच्या राऊटरच्या लॅन पोर्टात जोडा. आता १९२.१६८.१.१ म्हणजे नक्की तोच. लॉगिन करा. मेनूत 'ऑपरेशन मोड' असेल आणि त्यात 'ॲक्सेस पॉइंट' मिळत असेल तर तो निवडा, बहुतेक काम तोच करून टाकेल, आणि पुढे केबल कुठल्या पोर्टात लावायची ते तिथेच लिहिलेलं असतं. नसेल तर हाताने : आधी डीएचसीपी बंद करून सेव्ह करा, मग लॅनचा आयपी (म्हणजे राऊटरचा पत्ता) १९२.१६८.१.२ करा. क्रम हाच ठेवा, कारण आयपी बदलला की ते पान तुमच्या हातून सुटतं. मग जिन्यातली केबल पुन्हा लॅन पोर्टातच लावा. हो, या पद्धतीत लॅनच बरोबर. निळं रिकामंच राहू दे.

एक राहिलं. १९२.१६८.१.२ हा पत्ता खालच्या डब्याने वाटायच्या पत्त्यांत नसावा. त्याच्या डीएचसीपीच्या पानावर सुरुवात कुठून आहे ते बघा. २ पासून असेल तर ती १० पासून करा.

बिनतारी
तांत्रिक निदान मान्य, टोपी काढली. पण उपाय अर्धवट आहे. कंपनीला सांगून ओएनटी पुन्हा ब्रिज करून घ्या आणि सगळी सूत्रं आपल्या राऊटरकडे ठेवा. कंपनीच्या डब्यांची कुवत काय असते माहितीये ना? वीस उपकरणं जोडली की धापा टाकतात.

तारतम्य
ब्रिज मलाही आवडतो. पण ते कंपनीला करावं लागतं, आणि पुन्हा डबा बदलला की ताई परत इथेच धागा काढणार. शिवाय घरातला लँडलाइन फोन त्याच डब्यातून चालत असेल तर ब्रिज करताना तो बंद पडणार नाही ना हे आधी विचारून घ्यावं लागतं. घरात पाच-सात उपकरणं असतील तर सध्याच्या डब्यावर काही ताण येत नाही.

राईनकाठी
इथे जर्मनीत बऱ्याच घरांत फ्रिट्झबॉक्स नावाचा राऊटर असतो. त्याचा मूळ पत्ता १९२.१६८.१७८.१ ठेवलेला असतो, त्यामुळे दुसरा कुठलाही राऊटर मागे लावला तरी पत्त्यांची टक्कर सहसा होत नाही. बाकी जगाला १.१ आणि ०.१ चं एवढं प्रेम का कळत नाही. खाजगी जाळ्यांसाठी १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते १९९६ पासून सगळ्यांना मोकळे आहेत, १० ने सुरू होणारे त्याहून कितीतरी जास्त.

एक तिसरा मार्गही आहे. केबल निळ्या पोर्टात लावायची, वॅनचा प्रकार पीपीपीओईवरून 'डायनॅमिक आयपी' करायचा आणि वरच्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करायचा. नेट चालेल.

तारतम्य
चालेल, पण दोन जाळी होतील. वरचा लॅपटॉप ५० च्या जाळ्यात, खालचा प्रिंटर १ च्या. वरून पत्ता टाकून प्रिंटर गाठता येईल, पण आपोआप शोधल्यावर दिसणार नाही, कारण 'कोणी प्रिंटर आहे का' ही हाक राऊटर ओलांडत नाही. खालून वरचं तर काहीच दिसणार नाही. भाडेकरू किंवा पाहुण्यांचं जाळं वेगळं ठेवायचं असेल तर राईनकाठींचा मार्ग उत्तम. ताईंना प्रिंटर दोन्हीकडून हवाय.

गोदाकाठ
झालं! 'ऑपरेशन मोड' आमच्या जुन्या राऊटरमध्ये नाहीच, म्हणून हाताने केलं. मुलगा लॅपटॉपवर आणि मी हा धागा मोबाईल डेटावर उघडून शेजारी. खालचा डबा खरंच २ पासून पत्ते वाटत होता, ते १० केलं. आता एआरपीमध्ये वर-खाली सगळीकडे खालच्याच डब्याचा मॅक येतो.

दोन शंका. वर आणि खाली वायफायचं नाव एकच ठेवू की वेगळं? आणि प्रिंटर आता अजिबातच जोडत नाहीये, आधी निदान मधूनमधून तरी यायचा.

तारतम्य
नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, तिन्ही दोन्हीकडे सारखे ठेवा. जिन्यातून वर जाताना मोबाईल स्वतःच डबा बदलेल (काही मोबाईल जुना डबा हट्टाने धरून ठेवतात, तेव्हा वायफाय बंद-चालू करायचं). २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल खाली १ आणि वर ११ असं ठेवा. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

प्रिंटरचं दोन कारणांनी होऊ शकतं. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. आणि नव्या डब्यात सुरक्षा नुसती 'डब्ल्यूपीए३' (नवा प्रकार) असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही नकार देतो. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असं मिश्र किंवा नुसतं २ करून बघा. तरीही नाहीच, तर प्रिंटरच्या मेनूत त्याला कोणी हाताने जुना पत्ता भरून ठेवलाय का बघा.

गोदाकाठ
प्रिंटरमध्ये हाताने भरलेला पत्ता सापडला! १९२.१६८.०.६०. म्हणजे जुन्या व्यवस्थेतला. 'ऑटो' केलं आणि लगेच चाचणीचं पान निघालं. मग आधी मधूनमधून कसा सापडायचा?

तारतम्य
बरेच प्रिंटर स्वतःचं छोटं वायफायही सोडतात ('डायरेक्ट'ने सुरू होणारं नाव दिसेल). हॉलमध्ये बसल्यावर मोबाईल त्यावरून थेट छापत असेल. आणि ०.६० वरून एक कळलं. विजेच्या आधी तुमच्या राऊटरचा पत्ता १.१ नव्हता, ०.१ होता. त्या माणसाने जाताजाता त्याला रिसेट मारला की काय?

गोदाकाठ
मारला असेल. वायफायचं नाव 'तेच ठेवतो' म्हणून विचारलं होतं त्याने.

झुळूक
धागा पळवत नाही, पण विषय जवळचाच आहे. माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा. वायफायवर डब्याजवळ १९० येतात. भिंतीतल्या केबलने डेस्कटॉपला मात्र ९४ च्या वर एक पाऊल नाही. कुठल्याही वेळी मोजा, ९४. कंपनी म्हणते वायफायवर बरोबर येतंय ना, मग आमचं काम संपलं.

तारतम्य
इथे कंपनी खरं बोलतेय. ९४-९५ वर अडणं ही १०० एमबीपीएसच्या लिंकची सही आहे, वरचे पाच-सहा आवरणात (डेटाच्या पाकिटांवरच्या पत्ता वगैरे माहितीत) जातात. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० ला दोनच जोड्या पुरतात. एखादी तार तुटलेली किंवा नीट न दाबलेली असली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात, तक्रार करत नाहीत. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' बघा, १००/१०० दिसेल. भिंतीवरची पट्टी उघडा. इलेक्ट्रिशियनने चारच तारा पंच करून उरलेल्या चार मागे गुंडाळून ठेवल्याचं मी अनेक फ्लॅटमध्ये पाहिलंय.

आधी ओएनटीवरचं पोर्ट बदलून बघा मात्र. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची १०० ची.

झुळूक
पट्टी उघडली. निळी आणि तपकिरी जोडी गुंडाळलेली! तुम्ही भिंतीतून बघता का?

आडवाटेचा
तारतम्य, आमचंबी एक सोडवा. शेतातल्या घरी फायबर आलं. बोअरची मोटर दिसावी म्हणून क्यामेरा आणि डीव्हीआर (चित्रण साठवायचा डबा) बसवला. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून क्यामेऱ्यापर्यंत यायला डब्यात वाट करणं) सगळं व्हिडिओ बघून केलं. घरच्या वायफायवर दिसतं, तालुक्याला गेलं की दिसत नाही. डब्यात 'वॅन आयपी' १००.७२ नं सुरू होतो. गूगलला 'माझा आयपी' विचारलं तर भलताच आकडा दाखवतो.

तारतम्य
दोन आकडे वेगळे आले तिथेच उत्तर आहे. १००.६४ ते १००.१२७ ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवली. जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले, म्हणून कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते आणि आत हे १०० चे वाटते. तुम्ही तुमच्या डब्याचं दार उघडलंत, पण त्याच्या बाहेर कंपनीचं आणखी एक दार आहे आणि ते तुमच्या हातात नाही. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर केलं तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. केलेलं काढून टाका, उगाच उघडं ठेवू नका.

कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता) मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. त्याआधी डीव्हीआरच्या मेनूत 'पीटूपी' किंवा 'क्लाउड' असं काही आहे का बघा. त्यात डीव्हीआर आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे बाहेरून दार उघडावं लागत नाही. चालू करण्याआधी डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

आडवाटेचा
पीटूपी होतं, क्यूआर स्कॅन केला. आत्ता तालुक्याच्या बाजारातून टाइप करतोय, मोटर दिसतीय. बंदच आहे, लाइट नाही वाटतं.

चहाबाज
लाइट नसताना क्यामेरा कशावर चालतोय?

आडवाटेचा
घरात इन्व्हर्टर हाय, डबा आणि डीव्हीआर त्याच्यावर. मोटर थ्री फेजवर. ती लाइन रात्रीच्या पाळीला येते.